पंचगंगा स्मशानभूमीतली मोफत अंत्यसंस्कार सेवा आणि एक बांगड्यांची पुडी: थोरल्या लेकीचा अनुभव

आप्पा गेले ते पौषातल्या एका गुरुवारी, पहाटे साडेचारला. वय ७९. एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर उत्तरेश्वर पेठेतल्या घराच्या कट्ट्यावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, एवढाच उद्योग. त्यांचे अंत्यसंस्कार कोल्हापूर महापालिकेच्या पंचगंगा स्मशानभूमीत झाले. त्या सेवेबद्दल, आणि त्याआधी ज्या दुकानातून सामान आलं त्याबद्दल, हे लिहिते आहे. हॉटेलबद्दल, मिक्सरबद्दल आपण चार ओळी सहज टाकतो. या सेवेबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, कारण त्या दिवशी घरातलं माणूस काही पारखण्याच्या अवस्थेत नसतं. मीही नव्हते. पण पुढचे दोन महिने तोच दिवस डोक्यात फिरत राहिला, आणि तेव्हा न दिसलेल्या काही गोष्टी आता दिसतात.

आधी दुकान. नाव लिहीत नाही. असं दुकान प्रत्येक पेठेच्या आसपास असतंच. तालमीच्या पोरांनी साडेपाचला फोन केला आणि सहाला सामान दारात हजर. दोन कळक, कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल-बुक्का, कापूर, तुळशीची माळ. कळक ताजे होते, कापड पुरेसं होतं, कशासाठी दुसरी फेरी मारावी लागली नाही. पैसे त्यानं तेव्हा मागितलेसुद्धा नाहीत, ‘दिवस झाल्यावर बघू’ म्हणाला. दर नंतर कळले, तेही रास्त. दुःखातल्या घराला त्यानं लुटलं नाही, हे मी मनापासून नोंदवते.

पण फोनवर त्याचा पहिलाच प्रश्न होता, “मालकीण मागं हाईत का?” पोरं हो म्हणाली. मग सामानाबरोबर कागदाची एक पुडी आली. त्यात डझनभर हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, गजरा. आमच्या घरातून ती कुणी मागितली नव्हती. पुडी आली होती म्हणून उघडली गेली.

इथं माझ्या काकांबद्दल सांगायला हवं. आप्पांचे धाकटे भाऊ, दोघांत तीन वर्षांचं अंतर. शाहू महाराजांवर निष्ठा अशी की घरात देवाच्या शेजारी महाराजांचा फोटो. महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा, ६ मे २०२२ ला सकाळी दहा वाजता, सगळं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. काका आणि आप्पा चौकात शेजारी शेजारी उभे होते, काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. राज्य सरकारनंही पाठोपाठ परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. जूनमध्ये शाहू जयंतीला काकांनी आमच्या चौकात त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. महाराजांनी १९१७ सालीच आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला, आणि आपण शंभर वर्षांनी अजून बांगड्यांवर अडलोय, असं ते तळमळून बोलले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मी समोर बसून ऐकलं आहे.

त्या गुरुवारी ती पुडी उचलून आत्याच्या हातात दिली ती काकांनीच. “उरकून घ्या, उशीर नको.”

आत्यानं आईला आधी त्या नव्या बांगड्या भरल्या. मग वरवंट्यावर मनगट टेकवून फोडल्या. एक काच डाव्या मनगटात शिरली. आई एकदाच म्हणाली, “हळू गं.” मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एकवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आहे. हेरवाडच्या ठरावाचं कात्रण मी वर्गाच्या फलकावर लावलं होतं. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आत त्या घडीला एकच विचार होता, तो जसाच्या तसा सांगते: काही चुकायला नको. आप्पांच्या बाबतीत काही राहून जायला नको. काय चुकेल, कुणाचं चुकेल, हे काही ठरलेलं नव्हतं. फक्त चुकायला नको.

काकांच्या चेहऱ्यावर मला तेच दिसत होतं. ते आईकडं बघतच नव्हते. त्यांची नजर आप्पांच्या तोंडावर होती आणि बोटं थरथरत होती. ज्या भावाच्या सायकलवर पुढं बसून शाळेला गेले, तो भाऊ जमिनीवर, नाकात कापूस. काकांना ढोंगी म्हणणारे पुढं भेटले, त्यांच्याशी मी भांडले. माणूस भेदरला होता, आणि हाताला लागला तो पहिला नियम त्यानं घट्ट धरला.

माझ्या विषयात याला नाव आहे, टेरर मॅनेजमेंट थिअरी. अर्नेस्ट बेकर या अभ्यासकाच्या विचारांवर ग्रीनबर्ग, सॉलोमन आणि पिझिन्स्की या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ती मांडली. आपण मरणार हे माणसाला कळतं. ते कळणं सोसायला त्याला आपल्या समाजाच्या रीतीचा आधार लागतो: मी रीतीनं वागलो, म्हणजे माझ्यामागं टिकणाऱ्या कशाचा तरी मी भाग आहे. मरण जवळ आलं की म्हणूनच माणूस रीत जास्त घट्ट धरतो आणि रीत मोडणाऱ्यावर जास्त चिडतो. १९८९ चा एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरातले २२ न्यायाधीश. निम्म्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल प्रश्न विचारून काही लिहायला लावलं. मग सगळ्यांना एकच कागदावरचं प्रकरण दिलं: वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली पकडलेली एक बाई, जामिनाची रक्कम ठरवा. ज्यांना मरणाची आठवण दिली नव्हती त्यांची सरासरी आली ५० डॉलर. ज्यांना दिली होती त्यांची ४५५. न्यायाधीशच ते, तोलूनमापून ठरवणं हा ज्यांचा पेशा. हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो.

मुलांना मी पुढचंही सांगते, तेच सांगायला हवं म्हणून. या थिअरीतले सगळेच प्रयोग पुन्हा केल्यावर तसे उतरलेले नाहीत. १९९४ सालचा एक प्रयोग २१ प्रयोगशाळांनी मिळून परत करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. त्यामुळे छातीठोकपणे काही सांगायला मी बिचकते. पण एक धागा मला पहिल्यापासून मोलाचा वाटत आलाय आणि आप्पांच्या दिवशी तो माझ्या अंगावर आला. एव्हा योनास आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काही प्रयोग छापले. त्यांचा रोख असा की मरणाची आठवण झालेला माणूस सरसकट जुन्या वळणाकडं जात नाही. त्या घडीला कोणता नियम त्याच्या मनासमोर उभा आहे, त्यावर ते ठरतं. मदतीचा नियम समोर असेल तर तो मदतीकडं झुकतो.

आमच्या घरात सहा वाजता समोर होती ती पुडी.

आता मुख्य सेवा. उत्तरेश्वरपासून नदी लांब नाही, त्यामुळे शववाहिका न बोलावता तालमीच्या पोरांनी खांद्यावरूनच न्यायचं ठरवलं. गंगावेशीवरून खाली. वाटेत विसावा झाला, तिथून बायका माघारी वळल्या. मी वळले नाही. धीर कुठून आला विचाराल तर आईच्या मनगटावरचं रक्त माझ्या ओढणीला लागलं होतं, ते मला दिसत होतं.

स्मशानभूमीत आधी नोंद. डॉक्टरांचा दाखला, ओळखपत्र, आणि हे कागद पुढं मृत्यू नोंदणीला लागतात, जपून ठेवा, एवढं समजावून सांगितलं. (नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. आम्ही नवव्या दिवशी केली.) चुलतभावानं खिशात हात घातला, “किती द्यायचे?” समोरचा कर्मचारी म्हणाला, “हितं पैसे नसत्यात, दादा.” बाहेरगावच्या वाचकांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते, कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. लाकूड असतं, पण खरा भार शेणींवर. पुण्यामुंबईकडं ज्यांना गोवऱ्या म्हणतात त्या शेणी. शिमग्याला गल्लोगल्ली होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला देण्याची रीत या शहरानं घालून घेतली आहे; मंडळं, तालमी, शाळा ट्रॉलीच्या ट्रॉली भरून आणतात. कुणाच्या तरी अंगणात थापलेली शेणी कुणाच्या तरी आप्पांना लागते.

आमच्या एका बाजूला एक मयत आलं होतं, मागं वीसेक गाड्या, मोठे पुष्पहार. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी, सोबत मोजून चार माणसं. तिघांनाही शेणी त्याच, रचणंही तेच. हार बाजूला काढून ठेवायला लावले, अगदी अदबीनं. आमच्यातल्या एका पाव्हण्यानं ‘लाकूड जरा जास्त घाला, आमचं माणूस मोठं होतं’ असं म्हटलं. कर्मचारी काही बोलला नाही, नुसता मान हलवून आपल्या पद्धतीनं रचत राहिला. हात असा चालत होता की बघत राहावं: खाली आडव्या, मग उभ्या, मध्ये वाऱ्याला वाट. आप्पा झाकले गेले तेव्हा कुठंही बेढब दिसत नव्हते. त्याबद्दल मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे.

मग त्यानं विचारलं, “अग्नी कोण देणार? जवळचं माणूस पुढं या.”

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. घरापासून मडकं चुलतभावानं धरलं होतं आणि पुढचंही तोच करणार हे न बोलता ठरलेलं होतं. पण कर्मचाऱ्यानं त्याच्याकडंच बघून विचारलं नाही. तो सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवून थांबला, माझ्यापाशीही थांबला. ‘मुलगा कोण?’ हा शब्द त्यानं वापरला नाही. दहा आकडे मोजता येतील इतका वेळ कुणी हललं नाही. आणि काका म्हणाले, “थोरली लेक हाय. तिच्याच हातनं होऊ दे.”

तेच काका. मधे साडेतीन तासही गेले नव्हते. भीती तीच, थरथर तीच. मला जवळ ओढून चूड हातात दिली तेव्हा त्यांचा तळवा गार पडलेला होता. पुढं बाराव्यानंतर मी त्यांना विचारलं, काका, तेव्हा कसं म्हणालात? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यो जवळचं माणूस म्हणाला. तू समोर होतीस.” बांगड्यांचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं, आणि त्यांना पुढं बोलता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आठला रक्षाविसर्जन. गर्दी होती, पेपरात आलं होतं. आईही आली. कावळा लवकर शिवला. रक्षा नदीत न सोडता गावाकडच्या शेतात नेली, बांधावर आंब्याचं रोप लावून त्याच्या खड्ड्यात घातली, आप्पांचीच इच्छा.

त्या दिवशी तोच कर्मचारी दिसला. मी त्याला विचारलं, तुम्हाला असं विचारायला वरून सांगितलंय का? तो म्हणाला, “न्हाई वो. आता पोरी लै येत्यात. मुलगा कोण म्हटलं की काई काई घरं खाली मान घालत्यात. म्हणून मी आपलं जवळचं माणूस म्हणतो.” किती दिवसांपासून, तर त्याला आठवत नव्हतं. मानसशास्त्राचं एक पुस्तक न वाचता या माणसानं रोज दहा घरांच्या सर्वांत नाजूक क्षणी कोणता शब्द समोर ठेवायचा ते शोधून काढलंय. मी वर्गात एकवीस वर्षं जे शिकवतेय ते त्याला हातातून येतं.

आत दानपेटी आहे. कुणी तिच्याकडं बोट दाखवत नाही, तरी परत निघालेली माणसं तिच्यात काही ना काही टाकून जातात. योनासच्याच एका आधीच्या अभ्यासात, २००२ च्या, अमेरिकेत रस्त्यानं जाणाऱ्यांना धर्मादाय संस्थांबद्दल मत विचारलं होतं. काहींना अंत्यविधीची तयारी करणाऱ्या जागेच्या अगदी समोर, काहींना तिथून थोडं लांब. समोर विचारलेल्यांनी या संस्थांबद्दल जास्त आपुलकी दाखवली. इथं पंचगंगेच्या काठी पेटी, शेणी आणि ‘हितं पैसे नसत्यात’ हे तिन्ही एकदम समोर असतं. एरवी पाव्हण्यारावळ्यांत पैशापायी कायम कुरबुर करणाऱ्या आमच्या एका नातेवाइकानं त्या दिवशी पेटीत पाचशेच्या दोन नोटा टाकलेल्या मी पाहिल्या.

म्हणून महापालिकेला माझी एक विनंती आहे, मी ती लेखीही दिली आहे. नोंदीच्या खिडकीशी आणि त्या कागदावर चार ओळी छापाव्यात: अग्नी मुलगी, पत्नी, कुणीही जवळचं माणूस देऊ शकतं, पत्नीच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं आवश्यक नाही. हेरवाडची ताकद मला यात दिसते की ठराव मयत दारात नसताना, शुद्धीत असताना झाला. पुढं कुणाच्या घरी ती वेळ आली की भेदरलेल्या माणसाच्या हाताला लागायला दुसरा नियम तयार असतो, गावाच्या सहीशिक्क्याचा. परिपत्रक ग्रामपंचायतींसाठी आहे. आम्ही पेठेत राहतो, आमची ग्रामसभा भरत नाही. आमच्यासाठी तालमीत, मंडळात, भाऊबंदांच्या बैठकीत कुणीतरी हा विषय आधी काढायला हवा. मी आमच्या तालमीत काढला. ज्येष्ठ मंडळी ऐकून घेतात, पोरांनी तर फलकाला रंग कुठला ते विचारलं.

दुकानदाराकडं पैसे द्यायला चौदाव्या दिवशी गेले. त्याला म्हटलं, पुडी मागितल्याशिवाय देऊ नका. तो म्हणाला, “ताई, न्हाई दिली तर लोक म्हणत्यात इसरला, सुतकाच्या घरात शिव्या बसत्यात.” मग थोड्या वेळानं, “इचारून देतो हितनं पुढं.” गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत मयत झालं. त्यानं खरंच विचारलं. त्या घरानं पुडी घेतली.

सेवेला पाचपैकी पाच, आणि त्या कर्मचाऱ्याच्या एका शब्दासाठी आणखी देता आले असते तर दिले असते. दुकानाला तीन, विचारून देण्याचा शब्द पाळला म्हणून तीन, नाहीतर दोनच देणार होते.

शिमग्याच्या आधी आई स्वतःहून म्हणाली, शेणी द्यायच्या. वडणग्याकडून शंभर आणवल्या, ओसरीत बसून तिनंच मोजून पाच पाचच्या चळती लावल्या. डाव्या हातात आता दोन काचेच्या बांगड्या आहेत, महाद्वार रोडवरून तिनं आणि माझ्या बहिणीनं आणलेल्या. आत्या शेजारी बसून चळती लावत होती, तिनं त्या बघितल्या, काही बोलली नाही. टेम्पोतून आम्ही तिघी उतरलो तर तोच कर्मचारी पुढं आला आणि चळती उतरवायला लागला. आईनं त्याला विचारलं, “आमच्या ह्यास्नी किती लागल्या असतील?”

“मोजत न्हाई आम्ही, आजी,” तो म्हणाला, आणि पुढची चळत घ्यायला हात पुढं केले.